सहा आठवडे मिठाचं पाणी

जिभेला हाड नसतं म्हणतात. नंदाखालच्या सुझान लोपीसने ते वयाच्या बाविसाव्या वर्षी वांद्र्याच्या एका पोटमाळ्यावर बसवून घेतलं. चांगलं पोलादी, बोटाच्या एका पेराएवढं, वर एक गोळी आणि खाली एक गोळी.

तसं पाहिलं तर सुझान असलं काही करणाऱ्यांतली नव्हती. ती रिटा टीचरची मुलगी. रिटा टीचर मराठी शाळेत वीस वर्षं व्याकरण शिकवत होत्या, आणि अख्ख्या गावातली पोरं त्यांच्या नुसत्या चष्म्याला घाबरत. सुझानने केस किती कापायचे हे आईने ठरवलेलं, कॉलेजात कोणते विषय घ्यायचे हे आईने ठरवलेलं, आणि माणिकपूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फोन घ्यायची नोकरी लागली तीही आईच्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने. मुलगी गुणी होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. फक्त अधूनमधून तिला वाटे की आपलं म्हणावं असं आपल्याकडे काय आहे, तर एक छत्री, आणि तीही आईने निवडलेली.

म्हणून २००५ साली, राखेच्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी, क्लासमधली मैत्रीण पिंकी म्हणाली, "चल, मी नाक टोचून घेतेय, सोबतीला ये," तेव्हा सुझान गेली. आणि पिंकी सुई बघून खुर्चीतून उठली, तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीत सुझान बसली. का बसली ते तिला आजही सांगता येत नाही. टोचणारा रॉकी म्हणाला, "नाक?" आणि सुझानने तोंड उघडून जीभ बाहेर काढली. नाक आईला दिसलं असतं.

रॉकीच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत गोंदण होतं, पण माणूस हळुवार. नंदाखाल म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, कारण त्याचं आजोळ शेजारच्याच आगाशीचं. काळजी कशी घ्यायची त्याचे छापील कागद संपले होते, म्हणून त्याने वहीचं पान फाडून त्यावर शुद्ध मराठीत, गोलगोल अक्षरात सगळं लिहून दिलं. "गावाकडची पोर आहेस," म्हणाला. "इंग्रजीत दिलं तर वाचणार नाहीस. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव. सहा आठवडे काढायचं नाही. आत्ता काढलंस तर दोन तासांत भोक बुजतं, आणि मग तुझं दुखणं फुकट."

परतताना सुझानला हसू आवरेना. जीभ बधिर होती, लाळ गळत होती, पिंकी रुमाल धरून होती, आणि या बाई हसताहेत. वसईला उतरेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण एक गोष्ट केली आणि ती कुणालाच विचारली नाही, एवढंच तिला राहून राहून वाटत होतं. आता ती सहा आठवडे सांभाळायची. आईला कळलं तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

रविवारी जीभ सुजली. सोमवारी ती तोंडात मावेना. मंगळवारी क्लासमध्ये फोन वाजला आणि सुझान 'नमस्कार' म्हणायला गेली, ते पलीकडच्या माणसाला काय ऐकू आलं कोण जाणे, त्याने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. ण आणि ळ तर तोंडातून हद्दपारच झाले. पाणी मागायचं तर ती पानी म्हणे, आणि रिटा टीचरच्या घरात पानी म्हणणं म्हणजे देवळात चपला घालणं.

"दाढ," सुझानने गालाला हात लावून सांगितलं.

"उद्या विरारला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ," आई म्हणाली.

पण उद्या राखेचा बुधवार होता. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन सगळं गाव चर्चमधून परतलं, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला, दातांचा डॉक्टर मागे पडला, आणि सुझानला जे हवं होतं ते सगळं देवाने ताटात वाढून दिलं. मटण बंद. दारू बंद. ज्याने त्याने आवडीची एकेक गोष्ट सोडायची, आणि काय सोडलं ते फार विचारायचं नाही. सुझानने भाकर-मासळी सोडली, मिरची सोडली, लोणचं सोडलं, चहा गार करून घेऊ लागली, आणि बोलणं तर जवळजवळ सोडलंच. ताटात दहीभात आणि पिकलं केळं. तिच्या मनात एकच, की गोळी दाताखाली येऊ नये. बघणाऱ्याला मात्र वाटलं की पोरीने यंदा उपवासकाळ फारच मनावर घेतलाय.

त्या घरात ही गोष्ट नवी होती. सुझानचा बाप फर्डिनंड दर उपवासकाळात कारलं सोडायचा, जे तो एरवीही खात नसे. एक गोष्ट त्याने कधी सोडली नव्हती. संध्याकाळी साडेसहाला वाडीतलं काम आवरलं की तो बावखलाच्या काठावर, म्हणजे केळीबागेला पाणी देणाऱ्या त्यांच्या जुन्या तळ्याशी, शेजारच्या सॅन्टनबरोबर बाटली घेऊन बसे. बसायचा, गायचा, आणि घरी यायचा तो बायकोची माफी मागत. कधी भांडला नाही, हात उगारला नाही. फक्त रोज संध्याकाळी साडेसहानंतर त्या घरात नवरा नसे, त्याच्या जागी एक गोड, ओघळलेला माणूस असे, आणि त्याच्याशी बोलून काही उपयोग नसे. रिटा टीचर वीस वर्षांत बोलून, रडून, अबोला धरून थकल्या होत्या. ज्या बाईला गाव घाबरे, तिच्या घरात हे असं.

दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली आणि सुझानला त्या गोळीची चटक लागली. दातांवर वाजवायची, टाळूला टेकवायची, आत फिरवायची. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत फादर प्रवचन देत असताना ती गाल फुगवून आतल्या आत वाजवत बसे, आणि हसू आलं की डोकं खाली घाली. शेजारची मावशी आईच्या कानात म्हणाली, "काय एकाग्रता आहे पोरीची."

आणि त्याच आठवड्यात गुरुवारी आई तिच्या खोलीत आली. दार लावून घेतलं. हातात वहीचं एक पान होतं, चार घड्या पडलेलं, आणि आईचे डोळे ओले होते.

"मला सगळं समजलं," रिटा टीचर म्हणाल्या.

सुझानची जीभ, पोलादासकट, टाळूला चिकटली.

"तू मला का नाही सांगितलंस? मी काय अडवलं असतं?" आणि आईने ते पान वाचायला सुरुवात केली. शाळेत कविता वाचावी तसं, प्रत्येक शब्दावर थांबून.

"सुझान. पहिले काही दिवस कमी बोल. मटण, तिखट, दारू, सिगरेट पूर्ण बंद. जेवणानंतर आणि झोपताना मिठाचं पाणी, न चुकता. सहा आठवडे चुंबन नाही. पहिला आठवडा जड जाईल, रडू नकोस. मध्येच सोडलंस तर वाट बुजते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. सहा आठवडे धीर धर, मग आयुष्यभराची सोबत आहे. काही वाटलं तर केव्हाही ये. रॉकी."

आईने पान छातीशी धरलं.

"फादर रॉकी कुठल्या चर्चचे?"

इथे सुझानने खरं सांगायला हवं होतं, हे कबूल. पण तुम्ही तिची अवस्था लक्षात घ्या. पाच मिनिटांपूर्वी ती मेली होती, आणि आता समोर एक दार उघडलं होतं. तिच्या तोंडून निघाला तो एकच शब्द, आणि तोही खरा.

"वांद्र्याचे."

"वांद्र्याचे," आई म्हणाली, "म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितात." मग त्यांनी एकेक वाक्याचा अर्थ मुलीलाच समजावून सांगितला. कमी बोल, म्हणजे मौन. मिठाचं पाणी, म्हणजे शुद्धी, कारण फादर तीर्थ आशीर्वादित करताना त्यात मीठ घालतात की नाही. सहा आठवडे म्हणजे उघडच उपवासकाळ. चुंबनावर त्या क्षणभर अडल्या होत्या, पण त्याचाही उलगडा झाला. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसाचं चुंबन घेतात, आणि तो दिवस बरोबर सहा आठवड्यांनी येतो. तोवर ओठांना वाट बघायला लावायची. "किती सुंदर विचार आहे," रिटा टीचर म्हणाल्या, "मला वीस वर्षांत सुचला नाही."

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुला पाचारण झालंय ना?"

पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं. ज्या मुलीला ते येतं ती मठात जाते, सिस्टर होते, आणि तिच्या आईबापांना चर्चमध्ये पुढचा बाक मिळतो. नंदाखालमध्ये घराघरांत एखादे फादर, एखादी सिस्टर. लोपीसांच्या घरात कुणीच नव्हतं.

सुझानने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही. आईने मात्र ठरवलं.

त्या संध्याकाळी पावणेसातला सुझान मागच्या ओट्यावर तांब्या घेऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती, तेव्हा पलीकडे पावलं वाजली. पप्पा. या वेळी ते बावखलावर असायला हवे होते. हातात दुसरा तांब्या.

"आईने चिठ्ठी दाखवली," फर्डिनंड म्हणाला. "तू सगळं सोडतेस. बोलणंसुद्धा. आणि मी दर वर्षी कारलं सोडतो." तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. "किती मीठ टाकायचं?"

"अर्धा चमचा," सुझान म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

फर्डिनंडने पेलाभर पाणी तोंडात घेतलं, आकाशाकडे तोंड केलं आणि गुळणी केली. जन्मभर कॉयरमध्ये गायचं स्वप्न बघितलेला माणूस तो, गुळणीलाही त्याने चाल लावली. सुझानला हसू फुटलं, तिचं पाणी नाकातून आलं, आणि दोघं ओट्यावर ठसकत बसली. आतून आई म्हणाली, "काय चाललंय?" कुणीच उत्तर दिलं नाही, कारण मौन होतं.

दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्याही. पहिला आठवडा त्याने कसा काढला ते घरातल्या दोघींना दिसत होतं. साडेसहा वाजले की तो कोयता घेऊन वाडीत शिरे आणि नको ती पानं छाटत सुटे. एका संध्याकाळी त्याने अख्ख्या केळीबागेची सुकी पानं काढली, दुसऱ्या दिवशी कंपाउंडची तार बदलली, तिसऱ्या दिवशी सॅन्टन बावखलावरून हाका मारत होता तेव्हा हा घरात पंख्याचं एकेक पातं पुसत होता. जेवायला बसला की हात कापे. पण बसे. वीस वर्षांत पहिल्यांदा तो रात्रीच्या जेवणाला शुद्धीवर बसत होता, आणि रिटा टीचर त्याला दिवसभराच्या शाळेतल्या गोष्टी सांगत होत्या. एकदा तर त्या हसल्याही. सुझानने आईला हसताना इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

आणि तिथेच सुझानला पहिल्यांदा धास्ती वाटली. हे सहा आठवडे आता एकट्या तिच्या जिभेचे राहिले नव्हते. तिने खरं सांगितलं तर तिची गोळी जाणार, आईचं पाचारण जाणार, ते ठीक. पण पप्पा एका खोट्या चिठ्ठीच्या आधाराने उभे होते. चिठ्ठी काढून घेतली तर ते सरळ बावखलावर जाऊन बसतील.

तरीही, खरं सांगता येत नाही पण आनंदही थांबत नाही, अशी तिची गत झाली होती. तिसऱ्या आठवड्यात सूज गेल्यामुळे दोन गोळ्यांमधली लांब कांडी बदलून आखूड घालायची होती, नाहीतर दात झिजतात. ती वांद्र्याला निघाली, तर आईने केळीच्या पानात बांधलेली किलोभर सुकेळी हातात दिली. स्वतः उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी. "फादरना दे. म्हणावं, तुमचे उपकार."

सुझानने ती दिली. रॉकीने पुडकं सोडलं, एक सुकेळं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आजोळची चव.

"आईने पाठवली?" तो म्हणाला. "आजवर गिऱ्हाइकांच्या आयांनी मला फक्त शिव्या पाठवल्यात."

"तिला वाटतं तुम्ही फादर आहात," सुझान म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. रॉकी इतका हसला की त्याने हातमोजे काढून ठेवले आणि म्हणाला, थांब, हात स्थिर होऊ दे. मग कांडी बदलली. जाताना मात्र गंभीर होऊन म्हणाला, "तुझ्या पप्पांना सांग, सूज उतरल्यावर माणसाला वाटतं की भरलं. भरलेलं नसतं. वरून बरं दिसतं, आतून कच्चं असतं. तेव्हाच जपायचं." सुझानने घरी येऊन हे वांद्र्याच्या फादरांचं वाक्य म्हणून शब्द न् शब्द सांगितलं, आणि फर्डिनंडने ते कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवलं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी सुझानचे सहा आठवडे भरले. तिने आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहिली. लाल नाही, सूज नाही, गोळी चमकतेय. सगळे ण आणि सगळे ळ केव्हाच परत आले होते. ती खोलीतल्या खोलीत तीनदा गिरकी घेऊन पलंगावर पडली. जिंकले, असं तिला वाटलं. आता मिस्सेपुरतं काढून ठेवलं तरी चाललं असतं. पण जिंकलेल्या माणसाला काळजी सुचत नाही.

रविवारी मिरवणूक चर्चच्या मागल्या रस्त्याने निघाली. सगळ्यांच्या हातांत नारळाच्या कोवळ्या झावळ्या. रिटा टीचरनी सगळ्यात उंच झावळी मुलीच्या दोन्ही हातांत दिली. होणाऱ्या सिस्टरने मिरवणुकीत पुढे असायला नको का? सुझान पुढे होती. इतके रविवार तिने ओस्ती, म्हणजे ती मिस्सेतली पवित्र भाकर, हातावर घेतली होती. आज मिस्सेत त्या रांगेत उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन्ही हात गुंतलेत, झावळी ठेवायला जागा नाही, मागे आई आहे आणि समोर पाहुणे म्हणून आलेले म्हातारे फादर प्लासिड आहेत. रांग पुढे सरकली.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर प्लासिड म्हणाले.

"आमेन," सुझान म्हणाली, आणि दुसरा इलाज नव्हता म्हणून जीभ बाहेर काढली.

फादरांचा हात हवेत थांबला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग ओस्ती अगदी जपून, गोळीच्या जरा डावीकडे ठेवली, आणि पुढच्या माणसाकडे वळले. चेहऱ्यावर काही नाही. सुझानला वाटलं, वाचले.

मिस्सा सुटल्यावर आई तिला हाताला धरून फादरांपाशी घेऊन गेली. "फादर, ही माझी सुझान. हिला पाचारण झालंय. मठात जायचं म्हणते."

"हो का," फादर प्लासिड म्हणाले. "मी मघाशी बघितलं. चांदीचं आहे की स्टीलचं?"

"काय?" रिटा टीचर म्हणाल्या.

"जिभेतलं," फादर म्हणाले. ते खरोखरच चौकशी करत होते. "माझ्या भाचीने चांदीचं घातलं, ते काळं पडलं."

आई मुलीला चर्चच्या मागे, विहिरीच्या कठड्यापाशी घेऊन गेली. चष्मा पुसला, परत घातला.

"जीभ."

सुझानने जीभ काढली.

"आणखी."

वह्या तपासताना लागे तितका वेळ लागला. "म्हणजे फादर रॉकी?"

"फादर नाहीत. ते टोचतात."

"सहा आठवडे?"

"भोक भरायला लागतात."

"आणि चुंबन?"

"जंतू जातात म्हणून नाही घ्यायचं."

"किलोभर सुकेळी," रिटा टीचर म्हणाल्या, आणि कठड्यावर बसल्या. त्यांचे खांदे हलू लागले. सुझानला वाटलं आई रडतेय, म्हणून ती घाबरून जवळ गेली, तर आई हसत होती. आवाज न करता, तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांतून पाणी काढत. "क्रुसाचं चुंबन," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी शाळेत सगळ्या टीचरना सांगितलं." मग हसू ओसरलं आणि त्यांनी समोर बघितलं. अंगणात फर्डिनंड मिरवणुकीचा मांडव सोडवत होता. इस्त्रीचा सदरा, हात स्थिर, तोंडात एक दोरी. कुणीतरी काही म्हणालं आणि तो हसला.

"त्याला सांगायचं नाही," आई म्हणाली.

"आई, पण ते खोटं—"

"सहा आठवडे काय खरं बोलत होतीस?" मग त्यांचा आवाज शाळेचा राहिला नाही. "सुझान, मला सिस्टर नको होती गं. पाचारण वगैरे बोलायला बरं. मला घरात नवरा हवा होता, तो मिळाला. तू तुझी ती गोळी ठेव, हवी तर दुसरी घाल. फक्त त्याच्याकडून ही चिठ्ठी काढून घेऊ नकोस."

म्हणजे सुझानला जे हवं होतं ते मिळालं होतं. गोळी तिची राहणार, आणि तीही आईच्या संमतीने. घरी जाताना तिला नाचावंसं वाटायला हवं होतं, पण पाय जड झाले. उद्या पप्पा विचारणार, कुठल्या मठात, कधी, आणि आपण मान हलवायची. किती वर्षं हलवायची? आणि कधीतरी कुठला तरी फादर प्लासिड त्यांनाही भेटणार. त्या दिवशी पप्पांना कळणार की बायको आणि मुलगी दोघींनी मिळून आपल्याला फसवलं. मग तर बाटलीला कारणच मिळेल.

दुपारी ती वाडीत गेली. फर्डिनंड बावखलाच्या काठावर गाळ उपसत होता. पायऱ्या त्याने घासून काढल्या होत्या. ती जाऊन खालच्या पायरीवर बसली आणि एका दमात सगळं सांगितलं. पिंकीचं नाक, रॉकी, चिठ्ठी, आईचा अर्थ. आणि शेवटी जीभ काढून दाखवली, कारण शब्दांवर आता कुणी विश्वास का ठेवावा.

फर्डिनंडने फावडं ठेवलं. पलीकडून सॅन्टनच्या घरातल्या रेडिओचा आवाज येत होता. फर्डिनंडने तिकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे बघितलं. सुझानला रडू येत होतं.

"दुखलं का?" त्याने विचारलं.

"पहिला आठवडा फार. वाटायचं, उपटून फेकून द्यावं."

"मलापण," फर्डिनंड म्हणाला.

मग तो म्हणाला, "आणि आता?"

"आता विसरायला होतं. कधीतरी दातावर वाजलं की कळतं, आहे."

"माझं रोज वाजतं. साडेसहाला." तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. "पण पहिल्यासारखं नाही."

"पप्पा, मी मठात जाणार नाही."

"ते बरंच झालं. तू गेली असतीस तर घरात माझ्या गुळण्यांना हसलं कोण असतं." त्याने तिच्या तोंडाकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं, गाईच्या दातांकडे बघावं तसं. "तू ते काढणार आहेस?"

"नाही."

"मग मी तरी कशाला काढू," फर्डिनंड म्हणाला, आणि उठून फावडं हातात घेतलं.